मेलला चाळन लावायची म्हंजे…

…आन् वर मलाच म्हनत्यात, नित्या, तुझ्या तोंडानंच तुझा घात केला! आता मी काय वाईट बोललो, तुमीच सांगा!

तुमाला सांगतो, श्रीरामपुरात आमच्या श्रीमंतमामाचा कारखाना हाय, कांद्याच्या चाळन्या बनवायचा. वरून कांदा ओतला की मोठा एकीकडं, बारकी गोल्टी एकीकडं, माती खाली, लई झ्याक काम! तिथं मला टेम्पोवर जायचं हुतं ओ. अजिनाथ डायवरच्या शेजारी बसायचं, कोल्हारच्या पुलावर थांबून च्या प्यायचा, मनमाड, लासलगाव, गाव बघत बघत चाळन पोचवायची… आन् मामानं बसवलं कुटं? कॉम्प्युटरवर! दहावीला मी कशात गेल्तो? इंग्रजीत! आन् मेल कशात येती? इंग्रजीत! पन मामा म्हनला, "तुला बटनं दाबायची सवय हाय, शेजाऱ्यांच्या बेली वाजवून पळत हुतास न्हवं? मंग बस!"

बसलो. नव्व्यान्नव साल, इंटरनेट नवं नवं, फोनच्या तारंतून किर्रर्र करत यायचं. मामाला लंकेला चाळन इकायची हुती. पन लंकेच्या आधी बाकीचंच जग आलं! एक म्हनतंय जाडी घटवा, एक म्हनतंय टकलावर केस आना, एकाला तर आमाला राजवाडाच द्यायचा हुता! आन् मामाचा नेम काय? "आलेल्या पत्राला उत्तर गेलंच पायजे नित्या, आपल्या घरची रीत हाय." मंग मी द्यायचो उत्तर, शाळंत घोकल्यालं तेवढं एकच इंग्रजी पत्र मला येतंय: मी इथं सुखरूप हाय, तुमीबी सुखरूप असाल, थोरांना नमस्कार. टक्कलवाल्याला नमस्कार, राजवाडेवाल्याला नमस्कार… त्यांना इतकं प्रेम कुनी लावलंच नसंल ओ! एकानं धा जनांना पत्ता दिला. दुपार झाली तरी मेल उतरतीच हाय, फोन आडकल्याला, मामीचा फोन लागंना. मामी संध्याकाळी कारखान्यात येऊन कडाडली, मंग मामाला कचरा म्हंजे काय ते कळलं. म्हनला, "कांद्याला चाळन लावतो, तशी मेलला बी लावायची!"

मामाची सासुरवाडी हिवरे बाजार. तिथली ग्रामसभा बघितल्यापासून मामाला येडच लागलंय, कारखान्यात काय बी ठरवायचं म्हनलं की सभा! पंख्याला रंग कोनता, सभा! तशी मेलच्या चाळनीची बी सभा बसली. वेल्डर, हमाल, अजिनाथ, पॅकिंगच्या झुंबरबाई, समदी माती झटकून खाली बसली. मी आपला खुशीत. मशीन आलं की मी मोकळा, टेम्पो माझा!

पैल्यांदा पुन्याचा एक जन फोनवर म्हनला, "आमचं सॉफ्टवेअर फक्त ओळखीच्या माणसांचीच मेल आत घेतं." मामा म्हनला, "आवो, वळखीच्यांकडं चाळन हाय की! आमाला बिनवळखीची गिऱ्हाइकं पायजेत!" फोन ठिवला.

मंग आले नगरचे गोरक्षनाथ साहेब. टाय, बूट, सीडीची डबी. "सर, ही सिस्टीम शब्द ओळखते. फ्री, ऑफर, अर्जंट, डिअर फ्रेंड… असा शब्द दिसला की मेल थेट कचऱ्याच्या पेटीत!" मामानं इचारलं, "भोकं केवढी हायेत?" साहेब म्हनले, "सर, भोकं नसतात." मामा म्हनला, "बिनभोकाची चाळन? मंग ते घमेलं झालं!"

तरी सीडी घातली, लाईन लावली, किर्रर्र झालं, आन् टक्कलवाला गेला पेटीत! राजवाडा पेटीत! टाळ्या! मामाची मान हलाय लागली. अजिनाथ मला हळूच म्हनतोय, "नित्या, उद्या सकाळी लासलगाव, डबा घिऊन ये." आता गप बसावं का न्हाई मानसानं? पन साहेबाचा टाय बघून माझ्या जिभंला खाज सुटली ओ! म्हनलं, "साहेब, तुमचं दरपत्रक बी आमाला मेलवर टाका की, मामाला छापून देतो." आता मी काय वाईट बोललो?

साहेबानं तिथंच बसून टाकलं. किर्रर्र झालं… आन् दरपत्रक गेलं पेटीत! त्यात लिवल्यालं काय? खास ऑफर, माऊस फ्री, अर्जंट कळवा, डिअर फ्रेंड! मामा म्हनला, "म्हंजे ह्यांची चाळन ह्यांनाच कचरा म्हनती?" आन् पेटी उघडून बघितली तर दरपत्रकाच्या खाली कोन बसल्यालं? लंकेचा येपारी! डिअर फ्रेंड, दोन चाळन्या अर्जंट पायजेत! मामाचा चेहरा असा झाला, जसा कांदा डोळ्यात गेला.

साहेबाला घाम. "सर, शब्द कमी करता येतात ना!" केले कमी. टक्कलवाला आला परत, राजवाडा बी आला! मामा म्हनला, "भोकं मोठी केली, गोल्टी आली."

मंग झुंबरबाई उठल्या. पदर सावरत म्हनल्या, "शेट, मला त्यातलं काय बी कळत न्हाई. पन उद्या ह्या डबीनं गिऱ्हाईक घालवलं तर तुमी शिव्या कुनाला देनार? डबीला? हे पोरगं चुकलं तर समोर हाय, कान हाताला लागतोय!" आवो, काय टाळ्या पडल्या! मामा म्हनला, "बोला, डबी का नित्या?" समद्यांचे हात वर, माझ्या नावावर! अजिनाथचा बी! मी म्हनलं, "मला इंग्रजी येत न्हाई ओ!" मामा म्हनला, "डबीला तरी कुटं येतीया?" आता मी काय वाईट बोललो हुतो, सांगा!

गोरक्षनाथ साहेब दारात बूट घालत म्हनले, "सर, आमच्या सॉफ्टवेअरला एक वर्षाची गॅरंटी होती. ह्या मुलाची काय गॅरंटी?"

मामा म्हनला, "सख्खा भाचा हाय. जल्मभराची."

सकाळी टेम्पो गेला लासलगावला. मी हितं बसलोय, किर्रर्र ऐकत… साहेबांची डबी मोडली तर बदलून तरी मिळती ओ. भाचा मोडला तर काय, बहिनीला परत पाठवनार? आई तर म्हनती, दिल्याला माल मी परत घेत न्हाई!