इतर, कृपया नमूद करा

...आणि वर मलाच म्हणतो कसा, “सर, तुम्ही फारच सहकार्य केलंत, त्यामुळं तुमची मुलाखत रद्द करावी लागतेय!” ऐकलंत? सहकार्य केलं म्हणून रद्द! अहो, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात आख्खी नोकरी काढली मी, तिथं सहकार्य करत नाही म्हणून मेमो मिळालेली माणसं ढिगानं बघितली, पण केलं म्हणून मिळालेला मी पहिलाच! आणि रद्द काय झालं, तर माझं मत. कधी नव्हे ते कुणीतरी विचारलं होतं हो...

थांबा, सुरुवातीपासनं सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा मधनंच सुटला. मी दयानंद. मूळचा निपाणीकडचा. आता मुलाकडं असतो, सर्जापूर रोडला, चौदाव्या मजल्यावर. मुलगा प्रणीत अमेरिकेच्या घड्याळावर काम करतो, म्हणजे दिवसा झोपतो. सून स्मृती इथल्याच घड्याळावर करते, पण घरातनं, दार लावून, कानाला हेडफोन. दारावर लाल कागद असला की मीटिंग, बोलायचं नाही. हिरवा लावला की बोलायचं. हिरवा कागद अजून आणायचाय! वाईट नाहीत हो पोरं, मुळीच नाहीत. जेवण वेळेवर, गोळ्या वेळेवर, आणि मी पडलोबिडलो तर दाबायला गळ्यात एक बटण घातलंय. पण मी पडतच नाही ना! धडधाकट माणसानं कुठलं बटण दाबायचं, सांगा बघू?

आमची कस्तुरा, प्रणीतची आई, होती तेव्हा घरात निवडणुकीवरनं काय भांडणं व्हायची! त्या बाईनं आयुष्यात कधी माझ्या पार्टीला मत दिलं नाही. पण विचारायची. मतदानाला निघताना पायात चप्पल सरकवत विचारायची, “मग? तुमच्या मते कोण?” मी सगळं साग्रसंगीत सांगायचो. ती म्हणायची, “बरं झालं सांगितलंत,” आणि जाऊन दुसऱ्यालाच देऊन यायची! तरी विचारायची की. ती गेली आणि ‘तुमच्या मते’ हे दोन शब्द घरातनं गेले ते गेलेच. आता भाजी फोन ठरवतो, चॅनेल फोन ठरवतो, मी ठरवतो ते एवढंच, की गेटवरनं आलेल्या माणसाला वर सोडायचं का नाही.

म्हणजे माझा फोन वाजतो तो गेटवरनंच. “सार, डिलिव्हरी, बिडला?” सोडू का? सोड बाबा. दिवसभर सोड बाबा, सोड बाबा. आणि त्या दिवशी सिक्युरिटीवाला म्हणतो, “सार, सर्वेवाल्या मॅडम आल्यात, इलेक्शन, बजेट काय काय विचारणार म्हणे, सगळ्या फ्लॅटनी नको म्हटलंय, परत पाठवतो.” परत? अहो, मी किंचाळलोच, “पाठव, वर पाठव!” आतनं सुनेचं “श्श्श!” आलं. म्हटलं, येऊ दे. आज माझी पण मीटिंग आहे!

आली. पवित्रा नाव. गळ्यात कार्ड, हातात टॅब, आणि चेहरा असा की सकाळपासनं नुसती बंद दारं बघितलेली. कन्नडमधनं सुरू केलं तिनं, इथली भाषाच ती, आणि भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघून थांबली. “काका, तुम्ही मराठी? मी चिकोडीची.” चिकोडीची! म्हणजे आमच्या शेजारचीच की! पण म्हणाली, “काका, नियम आहे, घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला, त्याचीच मुलाखत घ्यायची.” मी घरातल्यांचे वाढदिवस बोटांवर मोजले... आणि आठवलं, गेल्याच महिन्यात झाला की माझा! कुणाला आठवला नव्हता, मीसुद्धा मुद्दाम बोललो नव्हतो, फुकट गेला असं वाटत होतं. गेला नव्हता, बघा. कामाला आला!

आणि मग तिनं टॅब उघडला, घसा साफ केला आणि म्हणाली, “तुमच्या मते, काका...”

तुम्हाला सांगतो, पुढचा प्रश्न मला ऐकूच आला नाही. तिला पुन्हा वाचावा लागला.

“तुमच्या मते, राज्याच्या बजेटबद्दल तुम्ही फार समाधानी, थोडे समाधानी, थोडे असमाधानी की फार असमाधानी?” आता हे काय चहात साखर आहे का, थोडी की फार सांगायला? मी म्हटलं, पोरी, रस्त्याबद्दल असमाधानी, पाण्याबद्दल समाधानी, पण पाणी येतंय टँकरनं, मग त्याचं समाधान सरकारला द्यायचं का टँकरवाल्याला? ती म्हणाली, “काका, एकच निवडा.” म्हटलं, निवडतो, स्वल्प दम धर, आधी चिवडा खा. चिवडा मी स्वतः केलेला, हां! मग बायकांना बस फुकट, त्यावर तुमचं मत? म्हटलं, चांगलंच झालं, आमची कस्तुरा असती तर रोज कुठंतरी गेली असती, आणि मला विचारून गेली असती. मग जातीबाहेरच्या लग्नाला तुम्ही सहमत का असहमत? म्हटलं, प्रणीतनं केलंय की! मला विचारलं का? नाही! मी सहमतच होतो हो, पूर्ण सहमत होतो, पण विचारलं असतं तर सहमत झाल्याचं समाधान तरी मिळालं असतं! “आणि आज निवडणूक झाली तर कुणाला मत द्याल?” इथं मी उठलो, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि तिच्या कानात सांगितलं. एक पोरगं झोपलंय, एक पोरगी हेडफोनमध्ये, ऐकणार कोण होतं? पण मत गुप्त असतं की नाही!

टॅब कधीच बाजूला पडला होता. चहा झाला, दुसरा चहा झाला, चिकोडीच्या बाजारातली भांडणं झाली, तिच्या आजीचा गुडघा झाला. आणि शेवटी तिनं विचारलं, “तुमच्या मते, तुमच्या भागातली सगळ्यात मोठी समस्या कोणती? पाणी, ट्रॅफिक, कचरा, बेरोजगारी, इतर?”

मी चिवड्याचा डबा बाजूला सारला.

मग म्हटलं, पोरी, खरं सांगू का? इथं दिवसच्या दिवस जातो आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. परवा दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं तर घशातनं शब्दच फुटेना, खोकावं लागलं आधी. ही समस्या कशात बसते? पाण्यात बसते का? कचऱ्यात? ती हसली नाही. म्हणाली, “इतरमध्ये बसते, काका. इतर, कृपया नमूद करा, असा रकाना आहे.” आणि तिनं टॅब उचलला आणि मी बोललो तसं, शब्दाला शब्द, लिहून घेतलं. सरकारदरबारी जाईल म्हणाली का कुठं, ठाऊक नाही, पण गेलं असतं बघा कुठंतरी. माझं मत. माझ्याच शब्दांत.

आणि दुसऱ्या दिवशी फोन! गेटवरनं नाही, खराखुरा फोन! “सर, नमस्ते सर, मी रघुपती, सुपरवायझर, फीडबॅक कॉल सर, टू मिनिट्स सर. आमच्या सर्वेअर आल्या होत्या?” म्हटलं, दयानंद, आता या पोरीचं कल्याण करायचं! असं कौतुक करायचं की तिला तिथल्या तिथं प्रमोशन! “आल्या होत्या म्हणजे काय! असं माणूस मिळणार नाही तुम्हाला!” “किती वेळ बसल्या, सर?” “अहो, दुपार गेली! घाई म्हणून नाही!” “...अस्सं. प्रश्न टॅबवरनं वाचून दाखवले का, सर?” “छे छे, टॅब तर तिनं बाजूलाच ठेवला होता!” “...सरी सर, ठीक सर. कन्नडमध्ये विचारले की इंग्लिशमध्ये?” “मराठीत! खास माझ्यासाठी!” “...काही खाल्लं-प्यालं, सर?” “चिवडा! दोनदा चहा! नाही म्हणत होती बिचारी, मीच सोडली नाही!” तिकडनं नुसतं टक टक टक, टाइप करतोय. मला वाटलं, प्रमोशनचं लिहितोय!

कळलं का तुम्हाला? प्रत्येक वाक्याला मी त्या पोरीचा गळा दाबत होतो, आणि वर विचारत होतो, “आणखी काही सांगू का?”

संध्याकाळी पुन्हा फोन. “सर, तुम्ही फारच सहकार्य केलंत...” ते तुम्हाला सांगितलंच. मी हातापाया पडलो त्याच्या. म्हटलं, रघुपतीअण्णा, चूक माझी, वय माझं, चिवडा माझा! तो म्हणाला, “ठीक आहे, पवित्रा पुन्हा येतील, मुलाखत पहिल्यापासनं होईल, टॅबवरनं वाचून, कन्नडमध्ये, गप्पा-खाणं काही नाही, रेकॉर्डिंग चालू राहील, नियमानं झाली तर राहतील, नाहीतर त्यांच्या जागी दुसरं माणूस.” आता बोला!

आली. सोफ्याच्या कडेवर बसली, पाहुणी बसते तशी. टॅबवर लाल दिवा लागलेला. घरात दारावर लाल, आता टॅबवर पण लाल! चिवड्याचा डबा मी कपाटात मागं ढकलून ठेवला होता, वास यायला नको म्हणून. पाणी विचारायचीसुद्धा भीती. नियमात पाणी बसतं का, कुणाला ठाऊक? “निम्म हेसरु?” नाव काय? दयानंद. जणू मला कधी बघितलंच नाही! आणि मग “निम्म अभिप्रायदल्ली...” म्हणजे तेच की हो, तुमच्या मते! पण कागदासारखं सपाट, पुस्तकातल्यासारखं. बजेट? थोडे समाधानी. बस फुकट? सहमत. जातीबाहेर लग्न? सहमत. पटापट, पटापट! कस्तुराचं नाव ओठावर आलं, गिळलं. टँकर आला, गिळला. एवढं गिळलं की नुसत्या मतांनी पोट भरलं माझं.

आणि आला तो प्रश्न. सगळ्यात मोठी समस्या. तिनं पर्याय वाचले... पाणी... ट्रॅफिक... कचरा... बेरोजगारी... आणि ‘इतर’ला आल्यावर थांबली. मान वर केली, माझ्याकडं बघितलं. रेकॉर्डिंग चालू, बोलायची सोय नव्हती. पण थांबली होती हो, माझ्यासाठी थांबली होती! आणि मला दिसत होतं, इतर म्हटलं की रकाना उघडणार, रकाना उघडला की मी सुरू होणार, मी सुरू झालो की मला थांबवणार कोण? आणि रघुपती तिकडं कान लावून बसलेला. मी त्या लाल दिव्याकडं तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हटलं,

“ट्रॅफिक.”

तिनं टक केलं. झालं. एवढंच. लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. तिथं तिनं टॅब पिशवीत टाकला, लिफ्टमध्ये शिरली आणि दार मिटता मिटता हळूच म्हणाली, “काका, त्या दिवशीचा चिवडा छान होता, पण मीठ स्वल्प कमी पडलं होतं.” बघा! न विचारता मत दिलं! मी परत येऊन डबा काढला, चव बघितली. कमीच होतं की मीठ. इतके दिवस एकट्यानं खात होतो, कळलंच नव्हतं.

रघुपतीचा फोन आला, “व्हेरी गुड सर, व्हॅलिड सर!” पोरीची नोकरी राहिली. चला, बरं झालं. पुन्हा काही ती यायची नाही, एका घराला एकदाच म्हणे. ते पण नियमात आहे.

आणि परवा टीव्हीवर निकाल! मोठ्ठी अक्षरं, ढोल वाजतायत, ‘शहरातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या मते सर्वांत मोठी समस्या... ट्रॅफिक!’ मी आपला बघत बसलोय. तेवढ्यात प्रणीत उठून आला, डोळे चोळत, हातात कॉफी. टीव्हीकडं बघितलं आणि हसायलाच लागला. म्हणाला, “ट्रॅफिक? काय बाबा, तुम्हा लोकांना जायचं तरी कुठं असतं हो?”

विचारलं! ऐकलंत ना? माझ्या पोरानं मला विचारलं! मी सरसावून बसलो, घसा साफ केला, म्हटलं आता सांगतो, पहिल्यापासनं सांगतो, कस्तुरापासनं सांगतो, दूधवाल्यापासनं सांगतो...

“इतर,” मी म्हणालो. “कृपया नमूद...”

पण तोवर तो हेडफोन लावून आत गेला होता. आणि त्याच्याही दारावर, तुम्हाला सांगतो, लाल कागद लागला होता.