अपांच्या हयातीत फाडलेलं कापड

आजच्या सभेचे अध्यक्ष, आमच्या कोक-जारचे ग्रामप्रमुख माननीय एसेनबेक बायके. राजधानीच्या हस्तकला विद्यालयातून दोन घाट ओलांडून आलेल्या प्रमुख पाहुण्या चिनारा एजे. तीन उशा पाठीशी घेऊन बसलेल्या आपल्या सत्कारमूर्ती. समोर बसलेले सर्व वडीलधारे, आणि गोधडी मंडळातल्या माझ्या मैत्रिणींनो, विशेषतः शेवटच्या रांगेतल्या, ज्यांच्या तोंडात समारंभ संपायच्या आधीच तळलेले बोरसोक आहेत त्या. आपणा सर्वांना कुलुइपाचा सलाम.

सुरुवातीलाच एक अडचण सांगते. सूत्रसंचालकांनी मला चिठ्ठी दिली आहे की भाषणात सत्कारमूर्तींचं पूर्ण नाव तीनदा तरी यावं. अहो, मी त्यांची सून. एकतीस वर्षांत सासूचं नाव मी भिंतीला ऐकवलं नाही, ते आज कर्ण्यावरून अख्ख्या गावाला ऐकवू? नाव पत्रिकेवर छापलेलं आहे, ते वाचून घ्यावं. मी आपली अपा, म्हणजे आई, म्हणेन. यजमानांचंही नाव घेणार नाही. ते तिकडे दाराशी टोपी हातात फिरवत उभे आहेत, तेच.

दुसरी अडचण मोठी आहे. पत्रिकेवर निरोप समारंभ लिहिलंय, पण निरोप द्यायचा की नाही हे अजून ठरलेलं नाही, आणि ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. नाहीतर भर लोकर कातरणीच्या दिवसांत एवढी गर्दी झाली असती का? चिनारा एजेंनी अपांना वर्षभरासाठी विद्यालयात शिकवायला बोलावलं आहे. अपा पंच्याऐंशीच्या. पत्र अर्धं वाचून होतंय तोच त्यांनी हो म्हटलं, उरलेलं अर्धं ऐकलंच नाही. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात साखर घेताना माझ्या कानावर आलं, "बघा, सुनेनं म्हातारीला घालवलीच शेवटी." कोण म्हणालं ते मी सांगणार नाही. उमसुनाय एजे, थोरल्या ताई, तुम्ही मान खाली घालू नका, उगाच लोकांना कळेल.

त्यावर आमच्या यांनी तोडगा काढला, "सभेत तूच सांग. तू सगळ्यांसमोर जा म्हणालीस तर अपा जातील, नाहीतर नाही." म्हणजे एकतीस वर्षांत पहिल्यांदा या घरात माझा शब्द चालणार, तो नेमका या बाबतीत.

आता सांगण्यासारखं ते सांगते. मी गुरांच्या दवाखान्यात काम करते. उधळलेल्या वळूला सुई टोचायची असेल तर मला हाक मारा. पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं की माझी बोबडी वळायची. लग्नात माहेरून मी दुकानातल्या तयार गोधड्या आणल्या होत्या. अपांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "ऊब देतील." त्यानंतर पंचवीस वर्षं आमच्यात शिवणकामावर बोलणं झालं नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत अपांना न्यूमोनिया झाला. तालुक्याच्या डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. पिकलं पान गळलं की घरचे कापड फाडून बायांना एकेक तुकडा वाटतात, आणि त्या माणसाचं आयुष्य आपल्या लेकरांना लाभावं म्हणून बाया तो तुकडा गोधडीत शिवतात. तुकडे कधी फाडायचे? माणूस गेल्यावर. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही. मी लाल फुलांच्या साटिनचा अख्खा तागा आणला, परसात बसून त्याचे चाळीस तुकडे फाडले, आणि शिस्तीची बाई असल्यामुळे प्रत्येक तुकड्याला टाचणीनं नावाची चिठ्ठी लावून पेटीत ठेवून दिले.

सहाव्या दिवशी अपा उठून बसल्या. चहा मागितला. मग थंडी वाजते म्हणून शाल काढायला स्वतःच पेटीपाशी गेल्या.

"कोण गेलं गं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही, अपा."

"मग हे कुणाचं?"

आमचे हे मेंढ्या बघून येतो म्हणून बाहेर पडले. मेंढ्या नुकत्याच बघून झाल्या होत्या. अपांनी खाली बसून एकेक चिठ्ठी वाचली, चाळीसच्या चाळीस. मी चहा ओतत राहिले, पेला भरून वाहायला लागला तरी ओतत राहिले. शेवटी त्या म्हणाल्या, "उमसुनायला एवढा मोठा? तिनं मला कधी धड सायीचा चहा तरी पाजला का?"

हसा, हसा. मी तेव्हा हसले नव्हते. पुढचे तीन दिवस अपा माझ्याशी एक अक्षरही बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "खरं सांग, तुला घाई झाली होती का?"

मी म्हटलं, "घाई नव्हती, अपा. भीती होती. तुम्ही गेल्यावर माझे हात चालणार नाहीत, कापड फाटणार नाही माझ्याच्यानं, म्हणून आधीच फाडून ठेवलं."

त्या म्हणाल्या, "अगदीच मूर्ख आहेस. सुई आण."

आता पुढची गंमत ऐका. पेटीची बातमी गावभर झाली होती. उमसुनाय एजे आल्या, इकडची तिकडची चौकशी केली आणि म्हणाल्या, "माझ्या नावाचा एक तुकडा होता म्हणे?"

अपा म्हणाल्या, "आहे की. पण मी मेले नाही, त्यामुळे घरी नेता येणार नाही. इथे बसून शिवायचा."

त्या बसल्या. त्यांचं बघून दुसरी आली, तिसरी आली. आमच्या गावात फुकट मिळणारं आयुष्य कोण सोडतंय? महिन्याभरात चाळीस जणी आपापल्या नावाच्या तुकड्यावर हक्क सांगायला आल्या आणि चाळिसाव्या तुकड्यानंतर उठून जायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. चिनारा एजे, तुमच्या अहवालात आपलं मंडळ पारंपरिक कला जतन करण्याच्या उदात्त हेतूनं स्थापन झाल्याचं लिहिलंय. ते तसंच राहू द्या, वाचायला छान वाटतं.

तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. अपांचा नियम एकच. वाकडं गेलं तर उसवायचं नाही, पुढचा तुकडा त्याच्याशी जुळवून घ्यायचा. माझी पहिली गोधडी इतकी जुळवून घेत गेली की तिला पाच कोपरे झाले. अपांनी ती स्वतःच्या अंथरुणावर घातली आणि कुणी हसलं की म्हणायच्या, "माझी सून उदार आहे, एक कोपरा जास्त देते."

आणि मंडळी, पन्नाशीला टेकलेल्या बाईला हे वेड लागावं? आता माझे डोळेच बदललेत. कुणी चांगला शर्ट घालून आलं की मला वाटतं, हा फाटणार कधी. आमच्या यांचा हिरवा सदरा तर मी वेळेआधीच फाडला, हे आज कबूल करते. गुरं तपासताना मनात निळ्याशेजारी करडा लावून बघत असते. एकदा त्या नादात एकाच बोकडाला दोनदा लस दिली. बोकड ठणठणीत आहे. माझं आयुष्य काही वाईट चाललं नव्हतं, पण त्यात माझ्या हातानं केलेलं, माझ्या मनासारखं असं काही नव्हतं. ते अपांनी दिलं. आणि म्हणूनच, आता स्पष्ट बोलते, मला त्या जायला नको आहेत.

आज सकाळपर्यंत मी इथे नाहीच म्हणणार होते. कारणं पाठ केली होती. घाट, गुडघे, तिकडचं पाणी. लोक काय म्हणतील हेही होतंच, खोटं कशाला बोलू?

सकाळी अपा सुया मोजून डबीत भरत होत्या. मला म्हणाल्या, "कुलुइपा, लांबच्या वाटेला निघताना वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद घ्यावा लागतो. मी कुणाचा घेऊ? माझ्यापेक्षा मोठं या गावात कुणी उरलं नाही. तू दे."

मी म्हटलं, "अपा, असं उलटं चालत नाही."

त्या म्हणाल्या, "सरळ देणारं माणूस दाखव, त्याच्याकडे जाते."

मंडळी, मी गावातली सगळी घरं मनातल्या मनात फिरून आले. खरंच कुणी नाही. इतकी वर्षं ही बाई आपल्या सगळ्यांसाठी देवाकडे हात पसरून मागत आली, आणि आज तिच्यासाठी मागायला तिच्या वरचं कुणीच नाही. तेव्हा ग्रामप्रमुखांनी परवानगी द्यावी. सगळ्यांनी माझ्याबरोबर हात पुढे करावेत. बोरसोक खाली ठेवा, उमसुनाय एजे.

अपा, जा. घाटात बर्फ न लागो. तुमच्या हाताखाली हुशार मुली येवोत, आणि एखादी माझ्याइतकी ढ असो, म्हणजे तुम्हाला करमेल. नवे रंग मिळोत, नवी भांडणं मिळोत. शंभरी भरेल तेव्हाही तुमच्या मांडीवर अर्धी राहिलेली गोधडी असो. आणि सुनेनं सासूला घालवली असं कुणी म्हणालं, तर त्याचं म्हणणं खरंच असो. मीच घालवली, दोन्ही हातांनी आणि रडत.

अध्यक्षमहाराज, पाहुण्यांचे, सभागृहाचे, शेगडी पेटवणाऱ्यांचे आभार. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर चूक पदरात घ्या. मोठ्या माणसाला आशीर्वाद देण्याचा मला सराव नाही, त्यात चुकलं असेल तर तेवढं अपांनी सांभाळून घ्यावं.

चला, आशीर्वाद पुरा झाला, हात चेहऱ्यावरून फिरवा. ओमीन.