गाळ वर ढकलत नाही

शिकलेल्या माणसाले नदी दाखवू नये, हे मी मागच्या साली शिकलो. नागपूरचा एक मास्तर आमच्या करडी गावाले आला होता. आपल्या बोलीतले शब्द वहीत लिहून राहिला होता. मले म्हणे, "बाबाजी, गाळ हा शब्द कुठून आला?"

"कुठून येईल? पाण्यातून जे गळून खाली बसते, तो गाळ. एवढंही कॉलेजात शिकवत नाही काय?"

त्याले तो डोळ्यानं पाहायचा होता. वैनगंगेचा पूर उतरून दोनच दिवस झाले होते. मी काठावरच बजावलं, "भेगा पडल्याशिवाय त्याच्यावर पाय ठेवू नको. माहा लहान भाऊ, सुखदेव, इथंच रुतून गेला. अजून सापडला नाही."

"वरून तर वाळलेला दिसतो," म्हणत तो उतरलाच. पाहता पाहता कमरेपर्यंत आत.

"आडवा पड, गाढवा!" मी ओरडलो अन् खांद्यावरचा दुपट्टा फेकला. माह्यासारख्या म्हाताऱ्याच्यानं काय ओढणं होते? पण तो सरकन वर आला, कापसासारखा हलका.

काठावर येताच म्हणे, "बाबाजी, खाली कोण आहे? दोन हातांनी माझे तळवे धरून मला वर ढकललं."

मी दुपट्ट्याचा गाळ झटकू लागलो. त्यानं वही काढली. "मग गाळाचा अर्थ काय लिहू?"

"सांगितला तोच लिही. गाळ खाली नेते. वर ढकलते तो गाळ नाही."

"मग कोण?"

मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. नदीकडे तोंड करून हाक मारली, "सुखदेवा, आता तू बी ये रे वर."