रानबाच्या वाटणीचा फासा

— न्हाय, आधी बस. त्या स्टुलावर बस, ह्याला वार्निश लागलंय. आन् मधी बोलू नगंस रणधीर, आधी माझं समदं ऐक, दोन वर्षं फोनवर तुझंच ऐकत आलोय की मी. तामलवाडीहून, तुळजापूरला गाडी बदलून, कळंबात माझं मोटार वायंडिंगचं दुकान हुडकत आलास — कशापायी आलास ह्ये मला कळत न्हाय व्हय? रानबापायी आलास. आपल्या फोनवरच्या खेळातला तुझा रानबा मेला, फासा शंभूदादानं टाकला, तवा शंभूदादाला जाब विचारायचा. विचार की. पन नियम काय हुता? थांब, मीच सांगतो. तुमच्याकडं लाईट गेली की वाय-फाय जातं, टावर बी जातो, आन् लढाई निम्म्यात अडकून बसती — म्हनून पहिल्याच रविवारी ठरवलं आपन. ज्याची लाईट गेली त्याची दहा मिनटं वाट बघायची, न्हाय आला तर त्याच्या वाटणीचा फासा मास्तरनं, म्हंजे खेळ चालवनाऱ्या म्या, टाकायचा, आन् पडंल त्यो आकडा त्यानं गुमान मान्य करायचा. तूच म्हनला हुतास, दादावर भरोसा हाय. आता त्या रविवारी तुझा रानबा बारवंत पडला, पान्याखाली, वर यायला फाश्यावर पंधरा न्हायतर त्याच्या वरचा आकडा लागत हुता, आन् नेमकी तुझी लाईट गेली. दहा मिनटं थांबलो. दहा कशाला, बारा थांबलो. मग टाकला. एक पडला. वीस बाजूंचा फासा हाय बाबा, त्यातली एक बाजू एकाची बी असती, कवा ना कवा पडनारच. एक पडला म्हंजे मेला. संपलं.

ऐकून घे म्हनलं ना! तुमाला वाटतं मास्तर म्हंजे लई मजा. आमची बायकू शिवप्रिया परवा विचारायली, ह्यो कसला हो खेळ, ना पत्ते, ना कॅरम, नुसतं फोनपुढं बसून बोलायचं. म्या सांगितलं, अगं, मी गोष्ट सांगायची, ह्या चौघांनी त्यातला आपापला माणूस चालवायचा, कुठं अडलं की फासा. तर ती म्हनती, मग ह्यात तुमचा माणूस कोनता? आता काय सांगू तिला? माझा कोनताच न्हाय. तुमचे दुश्मन मी, भुतं मी, धर्मशाळेतला म्हातारा मी, त्याचं गाढव सुदीक मीच. हितं एका हातानं तांब्याच्या तारंचे वेढे मोजायचे आन् दुसऱ्या हातानं बिलबुकाच्या पाठीवर तुमचे नकाशे काढायचे. मागच्या महिन्यात बारवंच्या पायऱ्या आखता आखता वेढे चुकले, वाशीच्या एका शेतकऱ्याची मोटार पुन्ना जळाली — लई बोलला मला, गिऱ्हाइकासमोर बोलला. आन् बसायचं कवा? मल्लेशची ड्युटी, हर्षालीच्या घरचं लगीन, तुझी द्राक्षाची फवारनी. चौघंच्या चौघं एका रविवारी बसायची म्हंजे जत्रा जमवल्यासारखं. जमली तर धा मिनटात तुझं सुरू — दादा, नियमात असं न्हाय. दादा, मागच्या टायमाला तुमी येगळं म्हनला हुता. फासा वाईट पडला की ‘टेबलाखाली गेला’ म्हनून तू पुन्ना टाकतोस. दर टायमाला टेबलाखालीच कसा जातो रं? समद्यांना कळत हुतं. म्याच बोलत न्हवतो. म्हनलं पोरगं हाय, आवड हाय त्याला, शिकंल.

आन् अर्पिता. त्या पोरीचं सांग मला. लातूरला नर्सिंग करून, सहा दिवस वॉर्डात उभी राहून, सातव्या दिवशी दोन तास खेळायला बसती. तिच्या खेळातल्या वैदिणीनं काय करायचं त्ये बी तूच सांगनार — हिकडं नगं जाऊ, तिकडं जा, औषध मला दे, मल्लेशला नगं. जरा इचार करायला थांबली की म्हनतोस, हिला उठवा कोनी तरी. हसलास. तुला आठवत बी नसंल. ती त्या दिवशी फोन ठिवून गेली तवा तू म्हनलास नेटवर्क गेलं वाटतं. नेटवर्क न्हवतं गेलं, रणधीर. संध्याकाळी मला फोन केला तिनं. म्हनली, दादा, मी हितनं पुढं येत न्हाय, तुमचा खेळ लई चांगला हाय पन मला आता रविवार आला की फोन बंद करून ठिवावा वाटतो. म्या तिला काय म्हनलो? म्हनलो एक डाव थांब. पुढच्या रविवारी बग, समदं ठीक हुईल.

असं बगू नगंस. ठीक हुईल म्हंजे मी समजावून सांगनार हुतो तुला. त्याच अर्थानं म्हनलो. मधी लाईट गेली त्याला मी काय करू? लाईट काय माझ्या हातात हाय? फासा टाकला तवा तीन माणसं फोनवर हुती, ईचार मल्लेशला. आता फोन स्टँडला, कॅमेरा तोंडाकडं असतो, फासा खाली बिलबुकावर पडतो, त्यो कोनाला दिसत न्हाय ही गोष्ट येगळी — पन दोन वर्षात एकानं म्हनलं न्हाय की दादा, फासा दाखव. मी कोनाच्या बी वाटणीचा टाकलेला असू दे. आन् तू तरी वर आला असतास तर काय झालं असतं? रानबा वर येनार, पुन्ना तूच पुढं, तूच बोलनार, ती पोरगी त्याच दिवशी गेली असती. एकोणीस काय आन् एक काय, खेळ तर मोडलाच अस —

काय? एकोणीस म्हनलो? कवा म्हनलो?

— म्हनलो. बरं, म्हनलो. एकोणीस पडला हुता. झालं समाधान? एकोणीस पडला, रानबा सुखरूप वर येत हुता, हातात तलवार बी हुती त्याच्या, आन् म्या आकडा बघितला आन् तोंडानं एक म्हनलो. ईचार करून न्हाय. बघितला एकोणीस, आन् तोंडातनं एक आला. आन् खरं सांगू का — लई बरं वाटलं मला. मल्लेश अरेरे म्हनला, अर्पिताचा श्वास सुटलेला ऐकू आला मला फोनमधी, आन् मला वाटलं, झालं, केलं म्या काम. तू परत आलास तवा मी तयार हुतो बग. तू भांडशील, नियम काढशील, मग तुला समद्यांपुढं म्हननार हुतो, बाबा रं, हरायला शिक आधी. तर तू काय म्हनलास? नुसतं ‘बरं’ म्हनलास. ‘बरं दादा’ म्हनलास आन् गेलास. चार दिवस झाले, त्ये तुझं बरं डोक्यातनं जायना. भांडायचं हुतंस की! दोन वर्षं भांडलास आन् ज्या दिवशी तुझं खरं हुतं त्या दिवशी गप बसलास? तसं कोन करतं?

आता ह्यो कागद कसला? माझ्यापुढं काय धरायलास, सही पायजे का माझी? आन हिकडं... चष्मा कुठं गेला... ‘अर्पिता ताईंस. मी तुमच्याशी नीट वागलो नाही. त्या दिवशी हसलो त्याबद्दल माफी मागतो. फासा टेबलाखाली गेला असं मी खूपदा खोटं सांगितलं, तेही सगळ्यांना सांगतो. रानबा मेला ते मान्य, कारण फासा शंभूदादांनी टाकला होता. दादांनी परवानगी दिली तर नवा माणूस घेऊन...’ काय लिव्हलंय? ‘...सगळ्यांत शेवटी बोलेन.’

ह्ये द्यायला आलास? ह्ये द्यायला तामलवाडीहून — आन् मी मघापासनं — तू आल्या आल्या का न्हाय दिलास? व्हय, म्याच बोलू दिलं न्हाय. ह्यो मी येत्या रविवारी समद्यांपुढं वाचू? ‘कारण फासा शंभूदादांनी टाकला होता’ — ह्ये माझ्या तोंडानं वाचू? तू सांगनार हाईस न्हवं त्यांना, एकोणीसचं? न्हाय म्हनून मान का हलवायलास? सांग की! सांगत का न्हाईस? असं उपकार केल्यावानी बसू नगंस माझ्यापुढं. एकदा त्यांना कळलं ना, की दादा आकडा बदलतो, तर हितनं पुढं एक जन माझ्या हातात आपला फासा देनार न्हाय. आन् फासाच दिला न्हाय तर मग कसला खेळ? तुमी चौघं, आन् ह्यो रविवार, ह्याच्याबिगर मला ह्या तारांत काय हाय रं.

न्हाय. थांब. आत्ताच लावतो तिला. तुझ्यासमोर लावतो, तुझ्यासमोर सांगतो, मग तर झालं? तिची ड्युटी सुटली असंल आता. लागला. हॅलो — अर्पिता, दादा बोलतोय, शंभूदादा. जेवलीस का? बरं. ऐक, त्या रविवारचं — त्यो रानबाचा फासा पडला न्हवं का — व्हय. व्हय, एक. एकच. न्हाय न्हाय, त्याचं काय न्हाय, सहज म्हनलो. अगं, रणधीर आलाय हितं, दुकानात. व्हय, सोताहून आलाय. चांगलं पोरगं हाय गं. त्याला तुला काय तरी सांगायचंय. माझं? माझं काय न्हाय, तू त्याच्याशी बोल.

घे. धर फोन. माझ्याकडं काय बघायलास, तिच्याशी बोल. आन् बाहेर जाऊन बोल, मला ही मोटार टेस्टिंगला लावायची हाय, आवाज हुईल. रणधीर — त्या एकोणीसचं तिला — न्हाय, काय न्हाय. जा तू. जा म्हनलं ना बाहेर.