चित्राखालचा आवाज

नाव: स्वतंत्र नोंदवून घेतले आहे, बाजारात सगळे 'हेडमास्तर' म्हणतात. वय: ६३ वर्षे. धंदा: जुने व्हीसीआर व व्हिडिओ कॅसेट दुरुस्ती. राहणार: दुकानाच्याच माडीवर, तक्रारदारांच्या बेकरीपासून चालत सात मिनिटे.

विचारल्यावरून समक्ष सांगतो की, माझा शाळेशी संबंध सातवीपर्यंतच आला. व्हीसीआरच्या पोटात एक चकचकीत ड्रम फिरतो. कॅसेटवरचे चित्र वाचणारी हेडं त्याच ड्रमवर बसवलेली असतात. ती हेडं साफ करण्यात माझी हयात गेली, म्हणून हेडमास्तर. पोलीस स्टेशनची पायरी मी आजवर चढलो नव्हतो. आज चढलो ती माझ्यावर चोरीचा आळ आहे म्हणून. कॅसेट माझ्या दुकानात सापडली हे खरे आहे. ती मी चोरलेली नाही. मात्र या प्रकरणात माझा एक गुन्हा आहे, तो बावीस वर्षांपूर्वीचा आहे, आणि साहेब नको म्हणाले तरी तो लिहून घ्यावा अशी माझी विनंती आहे.

दर रविवारी सकाळी दहाच्या सुमारास माझ्या दुकानात चार-पाच माणसे जमतात. सगळ्यांना जुन्या कॅसेट आणि मशीनचे वेड. घरची माणसे आम्हाला भंगारवाले म्हणतात, आणि आम्ही काही बोलत नाही, कारण दिसायला ते तसेच आहे. त्यातले एक निवृत्त बस कंडक्टर. त्यांच्याकडे एक हाय-फाय व्हीसीआर आहे, पंचक्रोशीत चालू स्थितीत असलेला तेवढाच. त्याला ते माझ्याखेरीज दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाहीत. रजईत गुंडाळून, मांडीवर घेऊन बसने येतात आणि मशीनचे अर्धे तिकीट काढतात. जन्मभर दुसऱ्यांची तिकिटे फाडली, आता फुकट कसा नेऊ, असे त्यांचे म्हणणे.

गेल्या गुरुवारी सायंकाळी पाच वाजता बेकरीवाल्यांची मुलगी दुकानात आली. वय ३८, बेकरी आता तीच चालवते. तिने पिशवीतून निळ्या डब्यातली एक कॅसेट काढली. म्हणाली, "काका, बाबांना न सांगता आणलीय. एवढं चित्र कॉम्प्युटरवर उतरवून द्या. त्यांच्या पंचाहत्तरीला दाखवायचंय." कॅसेट बेकरी सुरू झाली त्या दिवसाची होती, छत्तीस वर्षांपूर्वीची. तिची आई हिंडती-फिरती फक्त तेवढ्यातच आहे. पुढच्या वर्षी ती वारली. मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती.

मी कॅसेट पाहताक्षणी ओळखली. बावीस वर्षांपूर्वी बेकरीवाले हीच कॅसेट घेऊन माझ्याकडे आले होते. शूटिंगवाल्याने तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यावर बाजाची धून चढवली होती. बाई बोलताना दिसतात, ओठ हलतात, ऐकू येते ती पिपाणी. बेकरीवाल्यांनी विचारले होते, "खालचा आवाज काढता येईल का हो?" मी कॅसेट माझ्या साध्या मशीनमध्ये घातली, अर्धा मिनिट ऐकली आणि म्हणालो, "पुसला गेला. विसरा आता." उचलली जीभ लावली टाळ्याला! गिऱ्हाइके खोळंबली होती, म्हणून एवढे बोलून मी पुढच्या माणसाची कॅसेट हातात घेतली. ते 'बरं' म्हणाले आणि गेले. त्यानंतर वर्षातून एकदा ते ती कॅसेट आवाज बंद करून पाहत. घरचे मशीन बिघडल्यावर तेही थांबले. हे मला मुलीने गुरुवारी सांगितले.

मुलगी असेही म्हणाली की, "आईचा आवाज फार मंजुळ होता असं बाबा सांगतात. माझा बघा ना, फोनवर लोक दादा म्हणतात." मुलीचा आवाज घोगरा आहे, हे संपूर्ण बाजाराला ठाऊक आहे. ती बेकरीतून हाक मारते ती माझ्या दुकानात ऐकू येते.

कॅसेटला पांढरी बुरशी लागली होती आणि काही ठिकाणी फितीची कड चुरगळली होती. शुक्रवार आणि शनिवार मी ती हाताने गुंडाळत, मऊ फडक्याने वीत वीत पुसून काढली. मुलीला मी बजावले होते की, ही फीत नीट एकदाच चालेल, दुसऱ्यांदा चालली तर नशीब समजायचे. म्हणून रविवारी कंडक्टरांचे मशीन वापरायचे ठरले. त्याची पकड हलकी आहे, एवढेच कारण. दुसरे काही माझ्या मनात नव्हते. मी हुशारी केली असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे.

रविवारी सकाळी पावणेअकरा वाजता कॅसेट मशीनमध्ये घातली. बाकीच्यांना मी त्या दिवशी येऊ नका म्हटले होते, दुकानात मी, कंडक्टर आणि मुलगी असे तिघेच होतो. चित्र आले. धून वाजू लागली. पत्र्याचे नवे कपाट, पिठाची पोती, दारात माणसे. कंडक्टरांनी माझ्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाले, "मास्तर, दिवा बघा."

मशीनच्या तोंडावर 'हाय-फाय' लिहिलेला एक बारीक हिरवा दिवा आहे. तो लागला होता.

साहेबांनी याचा अर्थ विचारला, म्हणून सांगतो. साध्या कॅसेटचा आवाज फितीच्या कडेला एका बारीक पट्टीत असतो. शूटिंगवाले गाणी चढवत ती त्या पट्टीवर, त्यामुळे तिथला मूळ आवाज पुसला जाई. पण भारी कॅमेरा असेल तर तो आवाज आणखी एका ठिकाणी लिहून ठेवतो, फितीच्या आत, चित्राच्या खाली. चित्र वर आणि आवाज त्याच्या पोटात. तिथे कोणाचा हात पोचत नाही. पोचायचे तर आख्खे चित्र पुसावे लागेल. साध्या मशीनला तो आवाज दिसतही नाही, हाय-फाय मशीनला दिसतो आणि दिवा लागतो. मला हे तंत्र तेव्हाही माहीत होते. या कॅसेटला लावून पाहण्याचे मला सुचले नाही. बावीस वर्षे तो आवाज सात मिनिटांच्या अंतरावर, एका खणात, जसाच्या तसा होता.

 मी मागचे बटण 'नॉर्मल'वरून 'हाय-फाय'वर सरकवले. धून जागच्या जागी थांबली. आणि खोली आली. दुसरा शब्द मला सापडत नाही. पातेले आपटले. कोणीतरी खोकले. कोणी म्हणाले, "सरका, सरका, दार अडवू नका." सगळे इतके जवळून की कंडक्टर खरोखरच सरकले. मग एक तरुण माणूस हसला. मुलगी म्हणाली, "हे बाबा आहेत." नंतर लगेच ओरडली, "थांबवा! काका, थांबवा! पुढचं आधी बाबांनी ऐकायचं. मी नाही." मी मशीन थांबवले.

बाबांना आणायला म्हणून ती चपला घालते तोच दारात बेकरीवाले उभे राहिले. त्यांच्यामागे या ठाण्याचे हवालदार होते. घरी कॅसेटचा खण रिकामा दिसला आणि मुलगी माझ्या दुकानात आल्याचे बाजारात कळले, तसे त्यांनी थेट ठाणे गाठले होते. माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हाच तो. पोरीला फूस लावून घेऊन आला. आधी एकदा वाट लावून झालीय, आता उरलंसुरलं चित्र पण घालवणार." ते मशीनमधून कॅसेट काढायला पुढे झाले. कंडक्टर मशीनवर आडवे पडले आणि म्हणाले, "मला उचला आधी." हवालदार म्हणाले, "मुद्देमाल ताब्यात द्या."

मी बेकरीवाल्यांचा हात धरला. त्यांना म्हणालो, "मी तेव्हा चुकलो. आवाज पुसला गेलेला नाही. आत आहे. मी नीट न बघता बोललो. पाच मिनिटं बसा, मग मला बेड्या घाला."   मुलीने स्टूल पुढे सरकवले, ते बसले. हवालदारांनी दुकानाचे शटर अर्धे ओढले, बाहेरच्या गाड्यांचा आवाज येत होता म्हणून. हे त्यांनी आपण होऊन केले, त्यांच्या नोंदीत नसेल तर इथे असावे.

पुढच्या भागात कड चुरगळलेली होती. तिथे पकड सुटली की हिरवा दिवा विझतो, मशीन आपोआप कडेच्या पट्टीवर जाते आणि पुन्हा ती धून घुसते. म्हणून मी हेड आणि फीत जुळवणाऱ्या ट्रॅकिंगच्या चक्रीवर अंगठा ठेवून केसाकेसाने फिरवत होतो. माझे डोळे दिव्यावर होते, पडद्यावर नाही. त्यामुळे पडद्यावर काय दिसले याबद्दल मी सांगू शकत नाही. जे ऐकले ते सांगतो.

शूटिंगवाला म्हणाला, "वहिनी, काहीतरी बोला ना." त्यावर आवाज आला, "मी काय बोलू? बोलायचं काम ह्यांचं." मी वळून मुलीवर खेकसलो, "गप्प बस जरा!" मुलीने मान हलवली. तिचे तोंड मिटलेले होते. हाताने तिने ते दाबून धरले होते. तो आवाज पडद्यातून येत होता. घोगरा, ठसठशीत, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा.  हवालदारांनी टोपी काढली. दिवा विझला, धून घुसली, मी चक्री फिरवली, दिवा लागला. बाई हसत होत्या. मग त्या दूर वळून बोलल्या असाव्यात, कारण आवाज लांबून आला, तरी स्पष्ट: "अहो, पहिला ट्रे काढा! खालून लागतोय!"

बेकरीवाले स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "काढतो, काढतो."

दोन पावले ते चाललेही. माझ्या दुकानात भट्टी नाही. ते सोल्डरिंगच्या टेबलापाशी जाऊन थांबले. त्यानंतर दिवा विझला तो लागला नाही. मी मशीन बंद केले. फीत तुटली नाही. जेवढे ऐकले तेवढे कॉम्प्युटरवर उतरले आहे, त्यातला बाईंचा आवाज एकोणीस सेकंदांचा आहे.

 मी माझ्या धंद्यात हजारो कॅसेट पाहिल्या, पण असे काही पाहिले नव्हते आणि पुन्हा पाहीन असे वाटत नाही. बेकरीवाले टेबलाकडे तोंड करून उभे होते. ते म्हणाले, "मंजुळ नव्हता. मी विसरलो होतो. काही आठवेना, म्हणून मीच मंजुळ करून टाकला." मग ते मुलीकडे वळले आणि म्हणाले, "आणि तुला रोज सांगत आलो, हळू बोल, हळू बोल."

मुलगी रडत होती. तोंडावरचा हात तिने अजून काढला नव्हता. बेकरीवाल्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बोल गं. काहीही बोल. मोठ्यानं बोल."

तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज बेकरीवाल्यांनी आज दिला आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. माझ्याविरुद्ध जी आहे ती मी वर सांगितली.

जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'कॅसेटमधील अनोळखी महिलेचा आवाज' असे लिहिले होते. ते खोडून 'तक्रारदारांच्या पत्नीचा आवाज' असे करून घेतले. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करतो.