असेसरबाईंची वेणी

...तर म्हणे, नुसतं बघायलाच जाता ना, त्यात दमण्यासारखं काय आहे? असं आमचे शेजारी हिंमतराव मला म्हणाले. जिन्यात. मी हिंजवडीहून बस बदलत बदलत नारायण पेठेत पोचतेय, पायाचे तुकडे पडलेत, आणि हे म्हणतात नुसतं बघायला! तुम्हाला सांगते, नुसतं बघणं काय असतं ते ज्याने तोंडाला कुलूप लावून बघितलंय त्यालाच ठाऊक. मी हेमा. जन्मभर पार्लर चालवलं, ते बंद केलं आणि आता असेसर झाले. असेसर म्हणजे काय? पोरी दुकानातच काम करत करत धंदा शिकतात, आणि शेवटी एक परकं माणूस जाऊन बघतं, येतंय की नाही येत. ते परकं माणूस मी. शिकवायचं नाही, हात लावायचा नाही, मान डोलवायची नाही, "अगं, कंगवा सरळ धर" असं ओठांवर आलं तरी गिळायचं. फक्त बघायचं!

आता हिंजवडीतल्या त्या सलूनमध्ये दीपमाला नावाची परभणीकडची मुलगी शिकत होती. शिकत होती म्हणजे काय, इतरांनी केस कापायचे आणि हिने ते झाडायचे. पास झाली तर स्वतःची खुर्ची, स्वतःची गिऱ्हाइकं, नाहीतर पुन्हा झाडूच. एवढं त्या पोरीचं माझ्या बघण्यावर अडलेलं. मी पोचते तो काय, शटर अर्धं खाली, दारात रांगोळी, आणि मालक सुदर्शन शाल-श्रीफळ घेऊन उभे. आत एक गिऱ्हाईक नाही. म्हटलं, "अहो, हे काय?" तर कसे लाडात येऊन म्हणतात, "मॅडम, तुम्ही येणार म्हणून आज दुकानच बंद ठेवलं. डिस्टर्ब नको ना तुम्हाला!" अहो, मला काम बघायचंय, आणि तुम्ही कामच बंद ठेवलंत? म्हणजे मुंज मांडायची आणि मुलाला मामाकडे पाठवून द्यायचं, त्यातली गत.

म्हणाले, प्लास्टिकचं डोकं आहे की. नियमात प्लास्टिक चालत नाही, जिवंत डोकं लागतं. मग म्हटलं, स्टाफपैकी कोणीतरी बसा. तर सगळे माना खाली घालून उभे. का? तर मी येणार म्हणून नीटनेटकं दिसायला सकाळीच सगळ्यांनी केस कापून घेतलेले! मालकांसकट! रस्त्यावरून कोणाला तरी बोलवा म्हटलं, तर शिकाऊ मुलगी कापणार आहे ऐकल्यावर लोक असे सटकत होते... म्हणजे त्या अख्ख्या दुकानात कापण्याजोगे केस कोणाचे उरले? कमरेपर्यंत वेणी हो माझी! साऱ्या पेठेच्या बायकांचे केस मी कापले, पण स्वतःच्या वेणीला कात्री लागू दिली नव्हती.

निघून येता आलं असतं. पण पुढची तारीख कधी मिळणार? दीपमालाकडे बघितलं. कात्री छातीशी धरून उभी होती. डोळ्यांत सगळं दिसत होतं. आणि बघण्याचाच धंदा माझा, न बघून करते काय? बसले खुर्चीत.

तर हिचे हात थरथरायला लागले! "मॅडम, तुम्ही आरशातून बघायलात ना, म्हणून असं व्हायलंय." घ्या! मी बघितलं तर हिला येईना, आणि नाही बघितलं तर येतंय हे मला कळायचं कसं? शेवटी चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हटलं, "कर गं बाई, चष्म्याशिवाय मला आरशात माझं नाकसुद्धा दिसत नाही."

मग तिचा हात बसला. तुम्ही म्हणाल, हे कसलं बघणं? अहो, एवढी वर्षं घालवल्यावर डोक्यालाही कळतं. भांग सरळ पडला कळतं, कंगवा ओढला की फिरवला कळतं. वेणीला कात्री लावण्याआधी तिने विचारलं, "मॅडम, नक्की ना?" पुन्हा विचारलं. आणि वेणी पडली तेव्हा, खरं सांगते, मला रडू आलं. वेणीसाठी आलंच, पण माझ्या केसांवरून इतक्या मायेने कोणी हात फिरवून किती वर्षं झाली होती, त्यासाठीही आलं. चष्मा लावून बघते तर मानेवर केसांची कड अशी सरळ, की मलाही जमली नसती... बरं, जमली असती. पण सरळ होती.

पास केलं, नियमाप्रमाणे कामाचा फोटो ऑफिसला पाठवला. लगेच तिथून निकाल तपासणाऱ्या शेफालीचा फोन. "मॅम, फोटोत मॉडेल म्हणून तुम्हीच दिसताय? मॅम, असेसरने पार्टिसिपेट नाही करायचं. ओन्ली ऑब्झर्व्ह. रिझल्ट होल्डवर ठेवलाय." म्हणजे वेणीही गेली आणि पोरीची खुर्चीही अडकली. इतकी भांडले तिच्याशी, की शनिवारची तारीख घेऊनच फोन ठेवला.

सुदर्शनना बजावलं, शटर वर, शाल घरी, आणि कृपा करून कोणी केस कापून घेऊ नका. शनिवारी ही गर्दी! दीपमाला एका बाईंचे केस कापत होती. मी सवयीने जरा पुढे झाले, तोंड उघडणार एवढ्यात ती न वळताच म्हणाली, "मॅडम, तिकडं बसा. फक्त बघा." बसले गुपचूप. काय करणार? हात जराही थरथरला नाही तिचा. पास झाली, खुर्ची मिळाली, आरशाला फुलांची माळसुद्धा घातलीन.

आणि घरी? आमचे श्यामसुंदरराव इतके दिवस काही बोललेच नाहीत. परवा अचानक म्हणाले, "घरात काहीतरी बदललंय. पडदे धुतलेस का?" म्हटलं, "अहो, वेणी! वेणी गेली माझी! आता कधी वाढायचे हे केस?" तर पेपरातून डोकंही वर न काढता म्हणतात कसे,

"वाढतील तेव्हा वाढतील. आपण फक्त बघायचं."