साहेबांचं कापलेलं भाषण

चहा घेता घेता ऐका, मला अजून ते नीट कळलेलं नाही. भाईंदरच्या एका शाळेत मी शिपाई होतो. मुलांना व्हिडिओ कापायला-जोडायला शिकवायचं म्हणून कॉम्प्युटरच्या बाईंनी स्वस्तातलं एक सॉफ्टवेअर बघायला आणलं होतं. पसंत पडलं तर पैसे ट्रस्टी साहेब देणार होते. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही बसा. तुम्हाला जमलं तर पाचवीच्या पोरांना जमेलच."

त्यांनी स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ लावला. "यातलं नको ते कापा."

मी साहेबांचं भाषण कापलं. पोरं त्यातच सतरंजीवर झोपली होती.

"बाई, हे गेलं कुठं?"

"कुठेच नाही काका. आत आहे."

"मग मी कापलं काय?"

तेवढ्यात आपल्या काशीमीऱ्याच्या गोदामातून साहेबच आले. त्यांनी व्हिडिओ बघितला. "माझं भाषण कुठाय?"

मी म्हणालो, "साहेब, कापलंय, पण गेलेलं नाही म्हणतात."

"कुणी कापलं?"

"मी."

"तुम्हाला जमतं हे?" साहेब माझ्याकडे बघतच राहिले. "मग बाई, हेच घ्या. पण आधी माझं भाषण परत जोडून दाखवा."

बाईंनी एक बटण दाबलं आणि भाषण होतं तसं परत आलं. साहेब खुर्ची ओढून ऐकायला बसले, म्हणून आम्हीही बसलो. तिकडे सगळी शाळा दप्तरं पाठीला लावून वाट बघत होती, कारण सुटीची घंटा द्यायचं काम माझं होतं.